अंतरपाट सरळ हवा

घटस्फोटाचा अर्ज दिला त्याच संध्याकाळी केतकी आणि श्रीरंगच्या मधे अंतरपाट येऊन उभा राहिला. लग्नातलाच तो, कुंकवाचं स्वस्तिक काढलेला. धरायला ना मामा, ना भटजी. आपला आपण ताठ. ती ओट्यापाशी आणि तो टेबलाशी असला, की हा दारात.

"चहा तरी खालून सरकवता येईल," श्रीरंग म्हणाला.

"जपून."

चहा सांडलाच. "माझंच चुकलं," श्रीरंग म्हणाला, आणि कापडानं पुढे होऊन त्याच्या पायांना एक वेढा घातला.

तर ही त्या माणसाची खोड. आमटी खारट झाली, माझंच चुकलं. तिची बढती हुकली, माझंच चुकलं. इतक्या वर्षांत बिचारीला एक भांडण म्हणून धड पुरं करता आलं नाही. वाईट नवरा असता तर सोडून जाणं किती सोपं होतं! पण श्रीरंग पडला सोन्यासारखा माणूस, आणि त्याच्या शेजारी बसून केतकी आतल्या आत वाळत गेली. त्यालाही ते दिसत होतं. म्हणूनच दोघांनी मिळून अर्ज दिला आणि त्यात लिहिलं, दोष कोणाचाही नाही.

न्यायालयाची अट एवढीच होती, की तारखेला अंतरपाट दोघांच्या बरोबर मधे, सरळ हवा. कोणा एकाच्या अंगाला गुंडाळलेला दिसला, तर अर्ज फेटाळला आणि कापड जन्मभर त्याच्याच अंगावर.

लग्नाला आलेल्या सगळ्यांच्या उजव्या मुठीही त्याच संध्याकाळी मिटल्या होत्या, आत अक्षता घेऊन. श्रीरंगची बहीण विजूताई डाव्या हातानं जेवून जेवून वैतागली आणि तडक घरी आली.

"एकदा सांगून टाका बाई, चुकलं कोणाचं? त्याच्या अंगावर टाकते या अक्षता आणि मोकळी होते."

"कोणाचंच नाही, ताई," केतकी म्हणाली.

"असं कधी असतं का गं?"

पलीकडून श्रीरंग म्हणाला, "ताई, तिला नको बोलूस. माझंच चुकलं."

कापड सर्रकन त्याच्या कमरेपर्यंत चढलं. केतकी खाली बसून वेढे सोडवायला लागली.

ती रोज बसून ते उलगडायची. काखेपाशी आलं की त्याला गुदगुल्या व्हायच्या, मग तिलाही हसू फुटायचं. अशी दोघं कित्येक वर्षांत हसली नव्हती. वेढे सुटले, की कापड मुकाट्यानं मधे जाऊन उभं राहायचं.

"म्हण, कोणाचंच चुकलं नाही."

"कोणाचंच चुकलं नाही."

"आणि?"

"आणि काही नाही."

"शाब्बास!"

तिला मनापासून वाटायचं, की या माणसानं सुटावं. आपण तर सुटावंच, पण यानंही मोकळ्या अंगानं दाराबाहेर पडावं.

तारखेला सगळं वऱ्हाड मिटल्या मुठी मांडीवर ठेवून बाकांवर बसलं होतं. अंतरपाट दोघांच्या मधे ओळंब्यात उभा होता. न्यायाधीशबाईंनी चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

"चुकलं कोणाचं?"

"कोणाचंच नाही," केतकी म्हणाली.

"आणि तुम्ही?"

श्रीरंगनं घसा साफ केला. तेवढ्यात मागच्या बाकावर विजूताईला रडू फुटलं. "आई असती तर काय म्हणाली असती रे!" मिटल्या मुठीनंच ती डोळे पुसत होती.

पलीकडे श्रीरंगनं श्वास आत ओढला. तो श्वास केतकीच्या चांगलाच ओळखीचा होता. कापडाचा काठ हलला. तिनं मागचापुढचा विचार न करता हात सरळ पुढे घातला आणि त्याचं तोंड दाबून धरलं. अंतरपाट फाटला नाही, नुसता गळून खाली पडला. सगळ्यांच्या मुठी उघडल्या आणि दोघांच्याही डोक्यावर अक्षता पडायला लागल्या.

"हात काढा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "त्यांचं त्यांना बोलू द्या."

खाली पडलेल्या कापडाचं एक टोक त्याच्या बुटाकडे सरकत होतं, दुसरं तिच्या चपलेकडे. केतकीनं हात काढला नाही. तळव्याखाली त्याचे ओठ हलत होते, आणि ते काय म्हणताहेत हे काही केल्या तिला कळेना.