राखेत निवणारी पाटी

मेलानिया आजीच्या ओतीव लोखंडी चुलीची मागची पाटी मी बोटाने वाजवली. बीड धड असलं की खणखणतं. ही नुसती थप्प वाजली. भेगेपाशी मेणबत्ती धरली, तर ज्योत माझ्याकडे झुकली. म्हणजे जळणाची विषारी हवा धुराड्यात न जाता खोलीत येत होती, आणि चुलीलगतच्या बाकावर आजीचा तान्हा नातू सिरो झोपला होता.

"राख-मीठ कालवून लिंपते की. माझी सासू तेच करायची," आजी म्हणाली.

"लिंपण वाळलं की गळून पडतं, आजी. पाटी मी घेऊन जाते. उद्या दुपारपर्यंत चूल पेटवू नकोस. बाळाला शेजारणीकडे ने."

"आपल्या चिलोए बेटावर थंड चूल फक्त मयताच्या घरात असते, पोरी. आणि मी अजून जिवंत आहे."

तिच्या तोंडाला कोण लागणार? पाटीच नाही म्हटल्यावर ती पेटवणार काय, असा विचार करून मी पाटी काढून घेऊन निघाले.

भेग पुढे सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली. पाटी माझ्या लोहारकामाच्या भट्टीत सावकाश तापवली, पितळ वितळवून भेग झाळली आणि राखेत पुरून ठेवली. बीड घाईने निवलं तर पुन्हा तडकतं, आणि मला घाईचं काम मुळीच आवडत नाही.

सकाळी राखेत हात घातला. पाटी अजून कोमट होती. सहज खिडकीतून टेकडीकडे पाहिलं, तर आजीच्या धुराड्यातून धूर निघत होता.

तशीच चिखलातून धावत सुटले. सिरोची आई पहाटेच मासळीच्या कारखान्यात गेलेली असणार. आजीचा कुत्रा एरवी चुलीपासून हलत नाही. आज तो दाराबाहेर पावसात बसला होता.

आत छान ऊब होती. धुराचा वासही नव्हता. पाटीच्या जागी छपराचा पत्रा, भोवती राख-मिठाचं वाळून तडकलेलं लिंपण, खिडकीच्या फटींत चिंध्या. आजी बाळाला मांडीवर घेऊन पेंगत होती.

"बघ, गाल कसे लाल झालेत," ती जड जिभेने म्हणाली. "उबेने."

माझी आई बंद खोलीतल्या शेगडीने गेली, तेव्हा तिचेही गाल असेच लाल होते.

मी सिरोला हिसकावून अंगणात आणलं. तळपायांवर चापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. रड रे राजा, रड. पाऊस त्याच्या उघड्या तोंडावर पडत होता. तो रडला नाही.

"दार लाव गं," आतून आजी म्हणाली, "त्याला थंडी वाजेल."