धुतलेला चेंडू

मधुकरकाकांनी पिशवीतून चेंडू काढला. तो चमकत होता, आणि माझं डोकं भणभणलं.

चेंडू गिरधरबाबांचा, आमच्या क्लबच्या सगळ्यात जुन्या चाहत्याचा. बुरहानपूरच्या फुटबॉल संघाने रेल्वेच्या संघाला ज्या फायनलमध्ये हरवलं, त्या सामन्याचा. बाबा कधी खेळले नाहीत, पण बाहेरगावच्या सामन्यांनाही सायकलने जायचे. म्हणून कर्णधाराने तो त्यांच्याच हातात दिला. तेव्हापासून तो त्यांच्या पेटीत कापसात होता, शिवणींत वाळलेल्या चिखलासकट. त्या मैदानावर आता दुकानं आहेत. तिथली माती उरली ती एवढीच.

मी रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून क्लबने जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनाचं काम मला दिलं. मी सगळ्यांना बजावलं होतं की पाणी नाही, तेल नाही, हवा भरायची नाही. बाबांची अट एकच होती, चिखलाला हात लावायचा नाही. सचिव मधुकरकाकांनी मान डोलावली आणि चेंडू सांभाळायला म्हणून घरी नेला.

"दसऱ्याला आपण औजारं धुतोच ना, बेटा?" ते आता म्हणत होते. "उद्घाटनाला पूजा आहे. मळका चेंडू पाटावर कसा ठेवू? तुझ्या काकूने साबणाने घासला, वरून एरंडेल चोळलं. देख, एकदम चकाचक."

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते म्हणत राहिले, चिखलच तर होता.

उद्घाटनासाठी आलेले बाबा चेंडू हातात घेऊन शिवणीत नख घालून पाहत होते. नखाला काही लागलं नाही.

"पाणी कुठं टाकलं?"

पूजेच्या वस्तूचं पाणी गटारात कसं टाकणार? काकूंनी ते तुळशीला घातलं होतं.

बाबांनी मला विचारलं, ती माती वेगळी काढता येईल का. मी नाही म्हणाले. कुंडीतल्या मातीत मिसळली ती मिसळली.

"मग कुंडीच आण."

काकांचा चेहरा उतरला. पाहुणे येतच होते. चेंडूच्या जागी तुळस पाहून सगळं शहर हसेल, म्हणाले.

"हसू दे. विचारतील ना, बॉल कुठं आहे? तू सांग, मधुकर. माइकवर सांग."

बाबांनी चेंडू पिशवीत कोंबला आणि पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले.

मी काकांच्या घरून कुंडी आणली. ती काचेच्या पेटीत मावेना, म्हणून काच काढून टाकली. पाटीवर माझ्याच अक्षरात होतं, 'फायनलचा चेंडू, जुन्या मैदानाच्या मातीसह'. पहिले दोन शब्द मी खोडले, इतक्या जोरात की पेन पुठ्ठ्याच्या आरपार गेलं.