उंदरांचा चोख कारभार

संशोधनावर जनतेचा विश्वास वाढवण्याची मुदत मार्चअखेर संपत होती, म्हणून पुण्याच्या एका संस्थेने तो फेब्रुवारीतच वाढवायचं ठरवलं. संस्थेचे डॉ. गुरुप्रसाद मालवणजवळच्या कट्टा गावापलीकडच्या एका वाडीत आले. देवळाच्या सभामंडपात पडदा लागला. पडद्यावर एक पांढराशुभ्र उंदीर होता. तो हसत असावा, निदान तसं काढलेलं होतं.

माणसं बरीच जमली, कारण विषय गोचिडांतून येणाऱ्या माकडतापाचा होता. गेल्या हंगामात दाजी काजूच्या बागेतून तापाने फणफणत उतरला आणि बारा दिवस आडवा होता. त्याचं रक्त याच संस्थेने नेलं. अहवाल आजतागायत आला नव्हता. आता काजूचे बोंडू पुन्हा पिकायला लागले होते. दाजीने बागेकडे पाठ फिरवली होती, वाडी त्याला आळशी म्हणत होती, आणि त्याच्या बायकोला, यशोदेला, एवढंच कळायला हवं होतं की तो ताप बागेतल्या गोचिडांचा होता की आणखी कसला.

"प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल फार गैरसमज आहेत," डॉक्टर म्हणाले. "आमच्या प्रत्येक उंदराला नंबर आहे. पिंजऱ्याचं तापमान दिवसातून दोनदा बघतो. बसायला मऊ भुसा. एकाला सुई टोचायची तर आधी समितीला कारण द्यावं लागतं. एक जरी मेला, तरी का मेला ते लिहावं लागतं."

हे सगळं खरं होतं. लोक खरोखर भारावले.

"साहेब," मागून धोंडू म्हणाला, "एक पिंजरो रिकामो झालो तर माका कळवा."

हशा ओसरल्यावर यशोदा उभी राहिली.

"उंदीर मेल्यार कारण लिवतास, बरी गजाल. माझ्या घोवाचा रगत गेल्या वर्सा न्हेलास, त्याचा काय झाला ता खंय लिवलासा?"

"फार छान प्रश्न," डॉक्टर म्हणाले. अवघड प्रश्नाला आधी छान म्हणायचं, हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्यापुढचं शिकवलं नव्हतं. "तो आपण नंतर स्वतंत्रपणे घेऊ."

खरी घाई दुसरीच होती. बागांतून गोचीड गोळा करायचे, उंदरांसाठी सापळे लावायचे, माणसांचं रक्त घ्यायचं. आणि प्रत्येकाला समजावून प्रत्येकाची वेगळी संमती हवी. माणसं एकशेबारा, आणि डॉक्टरांचं जेवण मालवणात सांगून ठेवलेलं.

एवढ्यात वाडीचे मानकरी गावकर अप्पा उठले. "देवळात बसलो हो, तर गाऱ्हाणा घालूक व्हया."

संस्थेची गावातली कार्यकर्ती पूजा हिने डॉक्टरांना समजावलं, की अप्पा देवापुढे विषय मांडतील आणि प्रत्येक वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतील. डॉक्टरांचे डोळे चमकले. "सगळे? एकदम? पूजा, व्हिडिओ काढ. सामूहिक संमती!"

"सर, पण ती तशी..."

"आणि स्थानिक प्रथेत आपणही सामील व्हायचं. प्रशिक्षणाचा चौथा धडा." त्यांनी बूट काढले आणि हात जोडून पहिल्या रांगेत उभे राहिले. तोवर यशोदेने अप्पांच्या कानात काहीतरी सांगितलं होतं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज हय पुण्याचे डॉक्टर इलेले आसत. उंदरांचो कारभार चोख ठेवतत."

"व्हय म्हाराजा!" डॉक्टरांचा आवाज सगळ्यांत वर होता. त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं.

"दाजीच्या रगताचा काय झाला, ता आठ दिसांत येवन खरा-खरा सांगतले, असो शबूद ते तुझ्यासमोर देतत."

"व्हय म्हाराजा!"

"आणि शबूद मोडल्यानी, तर काय ता तुया आणि तेच बघून घेवा!"

"व्हय म्हाराजा!" डॉक्टर एकटेच म्हणाले. बाकीची वाडी त्यांच्याकडे बघत होती.

व्हिडिओ त्याच संध्याकाळी पुण्याला गेला. सोबत एक ओळ होती: 'एकशेबारा संमती, एकमताने.' संमतीपत्रं तपासणाऱ्या अक्षयाबाई मूळच्या तिकडच्याच, आरोंद्याच्या. त्यांनी तो दोनदा बघितला आणि थेट संचालकांपुढे ठेवला. "सर, यात गावाने कसलीच संमती दिलेली नाही. आपल्या डॉक्टरांनी मात्र देवळात शब्द दिलाय. बूट काढून."

आठव्या दिवशी डॉक्टर आले. पडदा नव्हता, उंदीरही नव्हता. दाजीच्या पडवीत बाकड्याच्या कडेवर बसून ते म्हणाले, "रक्ताचा डबा कट्ट्याच्या स्टँडवर चार तास उन्हात राहिला. बर्फ वितळला. नमुना खराब झाला."

"ह्या तुमका कधी कळला?" यशोदेने विचारलं.

"तेव्हाच. नोंद आहे. तुम्हाला कळवायचं राहिलं."

"म्हणजे वर्षभर मी आळशी ठरलंय, ता फुकट!" दाजी आतून ओरडला.

"तुमी गप रवा. तुमचो निकाल अजून लागाक नाय," यशोदा म्हणाली.

डॉक्टरांनी खाली बघून सांगितलं, की वर्षानेही रक्तात त्या तापाची खूण सापडू शकते. पुन्हा रक्त द्याल का? नाही म्हणालात तरी चालेल. हे वाक्यही प्रशिक्षणात होतं, पण त्यांनी ते पहिल्यांदाच वापरलं.

यशोदेने फॉर्म पूजाकडून अख्खा वाचून घेतला, दोन प्रश्न विचारले, मग दाजीने सही केली. "पण डबो मी घेवन जातलंय," ती म्हणाली.

जीपमध्ये डबा मांडीवर घेऊन ती थेट प्रयोगशाळेच्या गाडीपर्यंत गेली. वाटेत दोनदा झाकण उघडून बर्फ बघायला लागली, तेव्हा डॉक्टरांनीच तिला थांबवलं. "उघडलात तर वितळेल."

"बघा," ती म्हणाली, "आता तुमकाव काळजी वाटाक लागली."

परतताना पूजा मोबाइलवर कार्यक्रमाचा अहवाल भरत होती. 'विश्वास कशामुळे वाढला?' पर्याय तीन: पोस्टर, व्याख्यान, चित्रफीत. "सर, चूक कबूल केली, असा पर्यायच नाही."

"पोस्टर लिही," डॉक्टर म्हणाले.