फलश्रुतीला अवकाश आहे

आमचा यज्ञेश्वर म्हणजे कसब्यातला नावाजलेला पोथीलेखक. लेखक म्हणजे नकला उतरवणारा, हे आधीच सांगते, नाहीतर भलता समज व्हायचा. जुनी पोथी पुढ्यात घ्यायची, बोरू शाईत बुडवायचा आणि तिची तशीच्या तशी प्रत काढायची, हा त्याचा धंदा. पदरचं एक अक्षर घालायचा नाही. मूळ पानावर कुणी शाई सांडली असेल, तर हा तेवढाच डाग आपल्या पानावर काढणार! एकदा मी म्हटलं, "अरे, डाग कशाला?" तर म्हणे, "अक्का, तो तिथं का आहे ते आपल्याला काय ठाऊक?" आता अशा माणसाशी काय बोलायचं, तुम्हीच सांगा.

मी त्याची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी परत आले, आणि तेव्हापासून या घरात माझा शब्द चालतो. भाऊची बायको लवकर गेली. त्याचा श्रीनिवास मीच वाढवला, मीच त्याचं लग्न केलं. तो कारकून म्हणून फौजेबरोबर उत्तरेत गेला, आणि संक्रांतीच्या दिवशी पानिपतावर काय झालं ते पुण्यात कुणाला सांगायला नको. आमच्या आळीत एक घर सुटलं नाही. कुणाची बातमी आली, कुणाची आलीच नाही. श्रीनिवासाची आली नाही.

त्याची बायको वेणू. कोवळी पोर. पानावर बसायची, भाताची ढेकळं इकडची तिकडं करायची आणि उठायची. बोलणं तर बंदच. भाऊची तऱ्हा आणखी वेगळी. तो लिहायला म्हणून बसायचा आणि नुसते बोरू तासत राहायचा. तासून तासून बोरू संपला की दुसरा. चुलीला काटक्या नकोत, भाऊच्या कपच्या पुरतील, अशी वेळ आली. त्यातही मी चेष्टा करायची, कारण कुणीतरी करायला हवी होती.

आणि ज्येष्ठात दिगंबरभट उगवले. आमचे उपाध्याय. त्यांचा माधव श्रीनिवासाबरोबरच गेला होता, आणि त्याचाही काही पत्ता नव्हता. पण भटजींनी चैत्रातच त्याचा विधी उरकला. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, माणूस समजून त्याला अग्नी द्यायचा, की झालं, माणूस मेला. माधवाच्या बायकोचे, श्यामलेचे, केस त्याच आठवड्यात उतरवले. आणि आता भटजी दारोदार जाऊन बाकीच्यांनाही तेच करायला लावत होते.

"यज्ञेश्वरपंत, किती दिवस असं लोंबकळत ठेवणार?" भटजी म्हणाले. "पोराला गती नको का मिळायला?"

"शास्त्रात बारा वर्षं वाट पाहायला सांगितलंय ना?" मी विचारलं.

"ते हरवलेल्याला. हे रणात गेले."

"पाहिलंत तुम्ही?"

"अक्का, तुम्हाला शास्त्र कळत नाही."

कळत नसेल. पण बोडक्या डोक्यावरून आलवणाचा पदर घेऊन जन्म काढणं म्हणजे काय, ते मला कळतं. सणाला कुणी समोर येत नाही, सकाळी कुणी तोंड बघत नाही. वेणू दाराआड उभी होती. तिच्या कंबरेखाली येणारा शेपटा मी रोज माझ्या हातानं विंचरते. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता!

"अडचण आहे भटजी," मी म्हणाले. "वेणूनं पोथीचं पारायण धरलंय."

वेणूनं माझ्याकडे पाहिलं. भाऊनं पाहिलं. मी दोघांकडे पाहिलं नाही.

"संकल्प सोडून धरलंय," मी दडपून दिलं. "आजच."

भटजींचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला. कारण गेल्याच साली शेजारच्या घरात त्यांनी स्वतः निवाडा दिला होता, की संकल्प सोडून धरलेलं पारायण फलश्रुतीपर्यंत पोचल्याखेरीज घरात असलं कार्य करता येत नाही. फलश्रुती म्हणजे पोथीचं शेवटचं पान. ऐकणाऱ्याला काय पुण्य मिळतं ते त्यात सांगितलेलं असतं, आणि ते वाचलं की पोथी संपली.

"कोणती पोथी?" भटजींनी विचारलं.

भाऊच्या पुढ्यात होती तीच मी दाखवली. राजपुत्र सिंधुकेतूची. छोटीशी, आठ अध्यायांची.

"आठच ना? मग मी पुढच्या आठवड्यात येतो," म्हणाले आणि निघाले. त्यांनी उंबरा ओलांडल्याबरोबर मी वेणूला धरून पाटावर बसवलं आणि तिच्या हातावर पळीभर पाणी सोडलं. उगाच खोटं बोलल्याचं पाप कशाला?

दुपारी ओसरीवर वाचन सुरू झालं. आळीतल्या बायका आल्या. ज्यांची माणसं गेली होती त्या, आणि ज्यांची कळत नव्हती त्याही. पर्वतीपलीकडून दूध घालायला येणारी बायडाबाई अंगणात पायरीशी बसायला लागली. तिचा नवरा फौजेच्या बैलांबरोबर गेला होता. भाऊ वाचायचा आणि आम्ही ऐकायचो. पण आठ अध्याय ते कितीसे पुरणार? सातवा संपला तशी माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"भाऊ," मी म्हणाले, "नववा लिही."

"नववा नाही या पोथीत."

"म्हणून तर लिही म्हणते."

"म्हणजे पदरचा?" भाऊच्या हातातला बोरू खाली पडला.

"नाही, शेजाऱ्यांकडून उसना आण! अरे, पोथी संपली की भटजी पळसाची पानं घेऊन दारात उभे राहतील. लिही."

बिचारा सबंध सकाळ बसला. घाम पुसत होता, शेंडीला गाठ मारत होता, सोडत होता. जेवणवेळेला पान माझ्यापुढे धरलं. त्यावर सुंदर, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'मग राजपुत्र निघाला.'

"कुठं निघाला?"

"ते मूळ प्रतीत नाही," भाऊ म्हणाला.

मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात माजघरातून आवाज आला. वेणूचा. कितीतरी महिन्यांनी.

"समुद्रापलीकडे जाऊ दे, मामंजी. म्हणजे परत यायला उशीर होईल."

भाऊ पान घेऊन परत बसला, आणि मग त्याचा बोरू जो सुटला तो थांबेना. आता, भाऊनं जन्मात समुद्र पाहिलेला नाही. त्यामुळं त्याचा समुद्र म्हणजे पूर आलेली मुठा. पलीकडच्या तीरावर धुणं वाळत घातलेलं दिसतं. सिंधुकेतू परक्या राज्यात उतरतो आणि पहिलं काय करतो, तर मंडईत जाऊन वांगी घेतो आणि त्यातलं एक किडकं निघालं म्हणून बाईशी भांडतो. तिथला राक्षस कात्रजच्या घाटात राहतो आणि दुपारी झोपतो, त्या वेळी दार वाजवलेलं त्याला खपत नाही. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. वेणू आता रोज सकाळी भाऊशेजारी बसायची आणि विचारायची, "आज कुठं अडकवायचं, मामंजी?" तिनंच राजपुत्राला नजराण्यात हत्ती मिळवून दिला, आणि भाऊनं तो हत्ती एका अरुंद बोळात घातला. तो तिथं अडकला. पुढं जाईना, मागं येईना.

त्या दिवशी वेणूनं दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मी चुलीशी तोंड करून डोळे पुसले आणि धुराला शिव्या दिल्या.

भटजी येतच होते. पहिल्या वेळी दारात उभे राहिले. "फलश्रुती केव्हा?" "अवकाश आहे," मी सांगितलं. दुसऱ्या वेळी दाराला टेकले. तिसऱ्या वेळी ओसरीवर बसले, म्हणाले, पाय दुखतात. मग एकदा श्यामलेलाही घेऊन आले. घरी एकटी काय करणार, म्हणे. ती पोर आलवणात अंग चोरून दाराआड बसली. चैत्रापासून तिचा शब्द कुणी ऐकला नव्हता. मला भटजींचा इतका संताप यायचा, की त्यांना दिलेलं पाणीसुद्धा मी आदळून ठेवायची.

"काय हो पंत," एकदा जाता जाता भटजी म्हणाले, "आठ अध्यायांची पोथी एवढी लांबते कशी?"

"दुसरी प्रत मिळाली, थोरली," भाऊ चाचरत म्हणाला.

"असं." भटजी दोन पावलं गेले आणि वळले. "सहज विचारतो. त्या हत्तीचं काय झालं?"

"त्याला मागं घ्या की वो!" बायडाबाई अंगणातून ओरडली. "कवाधरनं सांगती हाय, पुढं कशापायी ढकलताय? शेपटी धरा आन् मागं वढा!"

"बोळ उताराचा आहे, बाई," भटजी तिला म्हणाले. "मागं ओढला तर माणसांच्या अंगावर येईल." आणि दोघं तिथंच वाद घालत बसली. मी म्हटलं, आता काही भीती नाही.

चुकलेच. दुसऱ्या दिवशी भटजी वाचनाच्या कितीतरी आधी हजर झाले. भाऊ आत पूजेला बसलेला. मी ताक करून बाहेर येते तो काय, हा गृहस्थ भाऊच्या लिहायच्या चौरंगाशी वाकून पुढचं पान वाचतोय! त्याला दुपारपर्यंत दम निघाला नव्हता.

"भटजी!"

ते दचकले. पान हातातच होतं. त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा काळा झाला होता.

"अक्का," ते सावकाश म्हणाले, "ही शाई ओली आहे."

भाऊ सोवळ्यानंच बाहेर आला, मागून वेणू आली. दाराशी भटजींबरोबर आलेली श्यामला होती. भाऊनं अंगठा पाहिला आणि त्याला सगळं समजलं.

"मीच लिहितो," तो म्हणाला. "नवव्या अध्यायापासून सगळं माझं आहे. पदरचं."

आता भटजी म्हणणार, पोथी कधीच संपली, उद्या विधी. वेणूचा हात माझ्या हातात आला. मी तोंडात शब्द जमवायला लागले. चांगले झोंबणारे जमवत होते. पण भटजींनी पान खाली ठेवलं नाही. वाचत राहिले.

"हा कोण?" त्यांनी विचारलं. "धनगराच्या झोपडीत जखमी होऊन पडलेला कारकून?"

"श्रीनिवास," भाऊ म्हणाला, आणि ढसाढसा रडायला लागला. पानिपताची बातमी आली त्या माघापासून त्याच्या डोळ्याला पाणी नव्हतं आलेलं. "मांडीला जखम आहे हो. चालवत नाही, म्हणून उशीर होतोय. धनगरीण भाकरी देते, ताक देते. मी रोज सकाळी लिहायला बसतो, की मला तो भेटतो. तेवढंच. मी फलश्रुती लिहिली तर मी उद्या कुठं जाऊ?"

भटजी भिंतीला टेकून खाली बसले. काळा अंगठा धोतराला पुसत राहिले, सगळं धोतर बरबटलं तरी त्यांना कळलं नाही.

"पंत," शेवटी त्यांचा आवाज फुटला, "ती झोपडी मोठी आहे का?"

"म्हणजे?"

"आणखी एकाची सोय होईल का तिथं?"

भाऊनं डोळे पुसले. चौरंग पुढं ओढला. "होईल की. न व्हायला काय झालं?"

"मी घाई केली, अक्का," भटजी माझ्याकडे न बघता म्हणाले. "लोक म्हणतील, उपाध्यायाच्याच घरी शास्त्र पाळत नाहीत, म्हणून घाई केली. आणि मग वाटायला लागलं, सगळ्यांनी केली म्हणजे माझी चूक ठरणार नाही." मी इतके झोंबणारे शब्द जमवले होते, त्यातला एकही तोंडातून निघेना. मी आत जाऊन त्यांच्यासाठी ताक आणलं, आणि भांडं हळू ठेवलं.

ते पिऊन भटजींना हुशारी आली. "लिहा पंत. माधव. उंच, गोरापान."

"गोरा?" मी म्हटलं. "भटजी, मी त्याला पाळण्यात पाहिलाय."

"बरं, सावळा लिहा. पण तेजस्वी! काळ्या घोड्यावरून दौडत येतो, हातात नागवी तलवार, आणि झोपडीच्या दाराशी..."

"घोडा नको."

भाऊचा घोडा लिहून झाला होता. सगळ्यांनी वळून पाहिलं. दाराशी श्यामला उभी होती. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी गच्च धरलेला, पण मान वर होती.

"ते घोड्याला घाबरतात," ती म्हणाली. "चालत येऊ देत."

भटजींनी भाऊकडे पाहिलं. भाऊनं, ज्यानं जन्मात एका अक्षरावर काट मारली नव्हती त्यानं, बोरू शाईत बुडवला आणि घोडा खोडून टाकला.