तीन महिन्यांची बाज

माझी मुलगी गुलाब वर्ध्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला लागली ती अठ्ठावन्न सालच्या जुलैत. बोर्डिंगात जागा तीन महिन्यांनी मिळणार होती. तोवर राहायला सीताबाईंच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. सीताबाई आमच्याच समाजाच्या. त्यांचा नवरा रेल्वेत होता. तो गेल्यापासून त्या एकट्या राहत आणि मागची खोली शिकणाऱ्या मुलींना देत.

गुलाबला यायचं नव्हतं. तिची आई, म्हणजे माझी बायको धुरपता, सात महिन्यांपूर्वी तापाने गेली. तेव्हापासून घरात मी आणि गुलाब दोघंच. गुलाब म्हणायची, मी गेले तर तुमाले भाकर कोण टाकून देईन? याआधी दोनदा ती हिंगणीहून निघाली आणि सेलूच्या मोटार स्टँडवरूनच परत आली. तिसऱ्यांदा मी सोबत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ट्रेनिंगच्या शाळेत नाव लिहायचं होतं आणि तो शेवटचा दिवस होता.

खोली उघडून दिल्यावर सीताबाईंनी जमिनीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "रूपरावभाऊ, ओल पाहा. इथं पोरीले खाली निजवू नका. बाज आणा. नाई जमत तर आज वापस घेऊन जा, बाज झाली का आणजा."

गुलाब लगेच म्हणाली, "हो बाबा, तसंच करू."

मला माहीत होतं, आज ती माझ्यासोबत मोटारीत बसली तर पुन्हा यायची नाही. मी म्हटलं, "बाज आजच येते."

आम्ही दोघं बाजारात गेलो. पहिल्या दुकानात लोखंडी पलंग होते. किंमत ऐकून गुलाबने माझी बाही ओढली. दुसऱ्या दुकानात सागवानी पलंग होता, त्याच्या डोक्याशी मोर कोरलेला. दुकानदाराने विचारलं, लग्नाचा पाहिजे का? गुलाब बाहेर जाऊन उभी राहिली. तीन महिन्यांसाठी एवढं काही नको होतं. झोपता आलं म्हणजे झालं.

बाजाराच्या टोकाला कवडू नावाचा सुतार बाजा विकत बसला होता. भिंतीला आठ-दहा बाजा टेकवलेल्या. काही विणलेल्या, पण त्या आधीच कोणी सांगून ठेवलेल्या; बाकी नुसत्या चौकटी. मी हिंगणीच्या लाकडाच्या डेपोवर मुकादम आहे. मला लाकूड कळतं. एकेक पाय वाजवून पाहिला, सांधे हलवून पाहिले. एका चौकटीचा पाय चिरलेला होता, त्यात मेण भरून ठेवलं होतं. ते मी नखाने काढून दाखवलं.

कवडू म्हणाला, "मामा, तुमी काय काम करता?"

मी सांगितलं.

"आता बोला. लाकडाच्या गंजीवर बसता अन् बाज इकत घ्याले आले?"

"ते लाकूड सरकारचं हाय."

"सरकार काय तुमच्या पोरीले एक बाज देणार नाई?"

"सरकारनं शाळा देल्ली. बाज मी देतो."

तो हसला आणि मागून एक बाभळीची चौकट काढून दिली. चांगली होती. विणून पाहिजे असेल तर दोन रुपये जास्त आणि उद्या दुपारी मिळेल, म्हणाला. मी म्हटलं, "विणायचं राहू दे. दोरी तेवढी दे. बाज मी विणतो."

"येते का?"

गुलाबच म्हणाली, "आमच्या गावात बाज विणायची असली का बाबालेच बोलावतात."

ते खरं होतं. कोणाच्या घरी बाज विणायची असली की निरोप माझ्याच नावाने येई. मी आणि धुरपता जायचो, दुपारभरात बाज विणून, चहा घेऊन यायचो. वीस वर्षांत चाळीस-पन्नास बाजा तरी झाल्या असतील.

चौकट मी डोक्यावर घेतली, अंबाडीच्या दोरीचं बंडल गुलाबने घेतलं. सीताबाईंच्या अंगणात येईपर्यंत एक वाजला. माझी मोटार पाचची होती. दोरी बादलीत भिजत घातली. सीताबाईंनी भाकर आणि बरबटीची भाजी वाढली. जेवून मी कामाला बसलो.

दोरीचं टोक पायाजवळ बांधलं. समोरच्या दांड्यावरून नेलं, परत आणलं, ओढलं. पुन्हा नेलं. चार-पाच फेऱ्या झाल्यावर दोरी जिथे यायला पाहिजे तिथे येईना. मी सोडली आणि पुन्हा सुरू केली. या वेळी दुसऱ्या कोपऱ्यातून केली. मधात दोऱ्या एकमेकींवर चढल्या. तीही सोडली.

"दोरी बरोबर नाई," मी म्हटलं. "कवडूनं जुनी देल्ली."

गुलाबने दोरी पुन्हा बादलीत बुडवून दिली.

तिसऱ्यांदा सोडली तेव्हा तीन वाजत आले होते. सीताबाई ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, बाज विणून राह्यले का मासे धराचं जाळं?"

"तुमाले येते का?" मी विचारलं.

"मले आली असती तर इतका वेळ गुपचूप बसली असती का मी?"

गुलाब माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. हळूच म्हणाली, "बाबा, राहू द्या. आपण पाचच्या मोटारीनं जाऊ. पुढच्या वर्षी पाहू."

ती चिडली नव्हती. मला वाईट वाटू नये म्हणून बोलत होती, तेच मला लागलं. माझ्या हातात भिजलेली दोरी होती आणि तिचं काय करायचं हे मला समजत नव्हतं. चाळीस-पन्नास बाजा झाल्या आणि मला विणता येत नव्हतं. हे मला त्या अंगणात बसल्यावर समजलं.

मी गुलाबला म्हटलं, "बाई, दोरी चांगली हाय. मले विणता येत नाई."

"काऊन? तुमीच तर विणत होते."

"तुही माय विणे. मी नुसता ओढो."

सीताबाईंचे हात सुपात थांबले. गुलाब माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने तोंडावर पदर धरला. आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसली.

"अन् सारं गाव तुमाले बोलवे," ती म्हणाली.

"बोलवे तर मलेच. तिनं कधी सांगतलं नाई कोणाले."

खरंच तिने कधी सांगितलं नाही. लोक म्हणायचे, रूपरावच्या हाताची बाज दहा वर्षं झोळ घेत नाही. ती तिथेच बसलेली असायची, मान खाली घालून दोरी गुंडाळत. मला वाटायचं, बरोबर बोलतात.

गुलाबने डोळे पुसले आणि विचारलं, "माय विणे तेव्हा तुमी कुठं बसत?"

"पायथ्याशी."

"अन् माय?"

"उशाकडे. उजव्या अंगानं."

गुलाब उठून उशाकडे उजव्या अंगाला जाऊन बसली. "मंग काय म्हणे?"

मी डोळे मिटले. दोरी कुठून कुठे जायची ते मला कधीच दिसलं नव्हतं, कारण मी पाहिलंच नव्हतं. पण ती काय बोलायची ते सगळं माझ्या कानात होतं. मी म्हटलं, "पयले म्हणे, तुमचं टोक खालून द्या."

मी टोक खालून दिलं.

"मंग म्हणे, ओढा. मी ओढलं का म्हणे, इतकं नाई, चौकट मोडता का."

"मंग?"

"मंग जराशी गप राहे. मंग म्हणे, आता दोन सोडा."

"दोन सोडा म्हणजे दोन दोऱ्या सोडून तिसरीतून," गुलाब म्हणाली. ती गणितात हुशार होती. तिने तशी दोरी घातली आणि मी ओढली. दोरी जाऊन बरोबर दांड्यावर बसली.

असंच करत गेलो. मी धुरपताचं बोलणं आठवून सांगायचो, गुलाब त्यावरून दोरी कुठे गेली असेल ते ठरवायची. कधी चुकायचं. मग मी म्हणायचो, "इथं तुही माय मले शिव्या दे, म्हणे, झोप लागली का तुमाले, उलट्या बाजूनं द्या." गुलाब म्हणायची, "हां, मंग बाजू बदलते इथं." माझ्या हातांनाही आठवत होतं. सात वेळा डावीकडून ओढलं की डावा हात थांबायचा आणि उजवा पुढे व्हायचा, मी मोजलं नाही तरी.

वीस वर्षांत धुरपता मला बाजेवर जेवढी बोलली तेवढं त्या दिवशी सगळं मी मोठ्याने बोलून काढलं. सीताबाई ऐकत होत्या. एकदा म्हणाल्या, "लई बोलणारी होती बाई."

"बाजेवरच बोले," मी म्हटलं. "घरी गुपचूप राहे."

साडेचारला बाज झाली. चौकडी एका बाजूला थोडी तिरपी गेली होती. धुरपताने ती उसकटून पुन्हा करायला लावली असती. पायथ्याची दोरी मी शेवटची ओढून गाठ मारली आणि दोघांनी बाज आत नेऊन ठेवली. गुलाब तिच्यावर आडवी झाली. कूस बदलून पाहिली. मी दारात उभा होतो.

पाचच्या मोटारीला वेळ थोडाच होता. ती राहते का, ते मी विचारलं नाही. विचारलं आणि ती नाही म्हणाली तर काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी पिशवी उचलली आणि चप्पल घातली.

ती उठून बसली. म्हणाली, "आता इतकी विणलेली बाज कोण उसकटन?"

"मंग राह्यतं?"

"राह्यते. उद्या अकराले नाव लिहाचं हाय. तुमी निंघा, मोटार जाईन."

सीताबाई म्हणाल्या, "जा भाऊ, मी हाओ."

पण गुलाब स्टँडपर्यंत आलीच. वाटेत ती मला भात कसा करायचा ते सांगत होती. भाकर थापता येत नसेल तर थापू नका, उगाच हात भाजून घ्याल. भात टाका. तांदूळ दोन पाण्यानं धुवा. वरण रोज नको, एक दिवसाआड चालते. मी हो हो म्हणत होतो. मोटारीत जागा मिळाली ती खिडकीजवळ. ती खाली उभी राहिली आणि खिडकीच्या गजाला धरून म्हणाली, "मीठ पाणी उकळल्यावर टाकजा, आधी नोका टाकू."

"किती?"

तिने तीन बोटं जुळवून दाखवली. कंडक्टरने घंटी दिली. मोटार हलली तरी ती बोटं तशीच वर धरून चालत राहिली. आजूबाजूचे लोक पाहत होते आणि त्यांना काही कळत नव्हतं.