शेवटचं कलम

भाऊने जाड कागदाची घडी उघडली, मांडीवर सपाट केली आणि बोटं पहिल्या ओळीवर ठेवली. मग तो वकीलबाईंना वाचून दाखवू लागला.

“‘सध्या मशीन फक्त ब्रेलची अक्षरं उठवतं. वर्षभरात चित्रांचा भाग येतोय. नकाशे, भूमितीच्या आकृत्या, सगळं उठेल. तुम्हाला तो फुकट बसवून देऊ. हा माझा शब्द.’”

“हे बोललं कोण?”

“मशीन विकायला आला होता तो माणूस. तो बोलत होता आणि मी ब्रेलच्या पाटीवर टोचून घेत होतो. लोकांना वाटतं, आंधळा बसल्याबसल्या चाळा करतोय.”

वकीलबाई हसल्या. शेजारच्या खुर्चीतली ताई मात्र हसली नाही. कराराची फाइल तिने मघाशी टेबलावर ठेवली होती आणि तेव्हापासून त्या फाइलकडे बघायचं ती टाळत होती.

ताई भाऊपेक्षा आठ वर्षांनी मोठी. दोघांचा दोन खोल्यांचा ब्रेल छापखाना होता. अक्षरं मशीनवर उठायची, चित्रं ताईच्या हातून. पुठ्ठ्यावर ती नद्यांसाठी सुतळी चिकटवायची, सीमांसाठी जाड दोरा, डोंगरांसाठी वाळू. पूर्वी एक नकाशा दीड दिवसात व्हायचा. आता तिची बोटं सांध्यांपाशी सुजायची, सकाळी कात्रीही धरवत नसे, आणि त्याच नकाशाला चार दिवस लागत. जुनं मशीन काढून हे नवं घेतलं ते खरं तर त्या बोटांसाठी. भाऊने तिला तसं सांगितलं नव्हतं. धंदा वाढेल, एवढंच म्हणाला होता.

दोन वर्षं झाली, चित्रांचा भाग आला नाही. तो माणूस नोकरी सोडून गेला. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने कळवलं, की या मशीनसाठी तसा भाग आता निघणारच नाही, आणि करारात तसं कबूलही केलेलं नाही. इकडे अंधशाळेचं भूगोलाचं पुस्तक अडून बसलं होतं. चाळीस नकाशे. शाळा उघडायच्या आत झाले नाहीत तर काम दुसरीकडे देऊ, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. शाळेचं काम गेलं की छापखान्याला कुलूप लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वकीलबाईंनी करार उलटसुलट चाळला आणि शेवटच्या पानावर थांबल्या.

“हे बघा, तोंडी शब्दाला अगदीच किंमत नसते असं नाही. पण इथे शेवटचं कलम आहे. ‘कंपनीच्या प्रतिनिधीने यंत्रातील भावी सुधारणांविषयी दिलेले कोणतेही तोंडी आश्वासन कंपनीवर बंधनकारक असणार नाही.’ आणि खाली तुमची सही आहे.”

“म्हणजे बोलाचीच कढी,” भाऊ म्हणाला.

“आणि बोलाचाच भात. पण थांबा.” त्यांनी पेन उचललं. “सही करण्यापूर्वी करार तुम्हाला कोणी वाचून दाखवला?”

“ताईने. सगळं तीच वाचते. पेपर, पत्रं, औषधांच्या बाटल्या.”

“हे कलम वाचलं होतं? नीट आठवा. तो माणूस समोर बसलेला. दृष्टी नसलेला माणूस शेवटचं पान न ऐकताच सही करतोय, हे त्याला दिसत होतं, आणि तरी तो गप्प बसला, असं असेल तर मी भांडू शकते. जिंकूच असं म्हणत नाही. पण धरायला काहीतरी मिळेल.”

ताईची मान खाली गेली. त्या दिवशी तिने तेरा कलमं वाचली होती. पानं संपता संपत नव्हती, घसा सुकला होता, आणि शेवटचं पान ‘हे आपलं नेहमीचंच’ म्हणून तिने उलटलं होतं. गेले दोन महिने ते न वाचलेलं पान तिला झोपू देत नव्हतं. आता ते कामाला येणार होतं. तिने तोंड उघडलं.

“वाचलं होतं,” भाऊ म्हणाला.

“भाऊ...”

“शेवटचं ना? वाचलं होतं तिने. माझ्या चांगलं लक्षात आहे.”

वकीलबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा ताईकडे. मग पेनाला टोपण घातलं.

“मग अवघड आहे,” त्या म्हणाल्या. “उगाच तुम्हाला खर्चात घालणार नाही मी.”

ताईने त्याला हाताला धरून जिना उतरवला. खाली फाटकाशी सिमेंटचा बाक होता, तिथे तिने त्याला बसवलं.

“मी परत वर जाते,” ती म्हणाली. “त्यांना सांगते, की मी वाचलं नव्हतं. तुलाही माहीत आहे ते.”

“माहीत आहे. पान पालटल्याचं ऐकू आलं होतं.”

“मग खोटं का बोललास? माझी अब्रू राखायला? छापखाना जातोय आपला.”

“कोर्टात उलटतपासणी असते, ताई. एक पान सोडलंत, आणखी काय काय सोडलंत, असं विचारतील. हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“विचारू देत. मी कोणाचं काय लपवलंय?”

भाऊने मांडीवरच्या कागदाची घडी घातली. मग ती पुन्हा घातली.

“आणि न लिहिलेलं कधी वाचलंत का, असं विचारलं तर?”

ताईला कळलं नाही. मग कळलं.

“मोठ्या डॉक्टरांचं पत्र,” तो म्हणाला. “मी एकोणीस वर्षांचा होतो. शेवटी तू वाचलंस, की पुढेमागे नवीन उपचार निघतील, धीर सोडू नये. तसं त्यात काही नव्हतं. तीन वर्षांनी, ब्रेल शिकायला गेलो होतो तिथल्या वसतिगृहातल्या मास्तरांकडून मी ते पुन्हा वाचून घेतलं. दृष्टी परत येणार नाही, आणि खाली सही. एवढंच होतं.”

“इतकी वर्षं बोलला नाहीस.”

“काय बोलणार? ती तीन वर्षं मी त्याच वाक्यावर काढली. ते नसतं तर मी ब्रेल शिकायलाही गेलो नसतो. त्याबद्दल कोणी तुला भर कोर्टात जाब विचारलेला मला नाही चालायचा.”

ताईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिने ते पुसलं नाही. फाटकातून माणसं ये-जा करत होती. एकाने बाकावर जागा आहे का विचारलं, तेव्हा ती थोडी सरकली, पण तो माणूस बसला नाही.

“शाळेत कळवून टाक,” भाऊ म्हणाला. “त्यांना दुसरीकडे द्यायला वेळ मिळेल.”

“कळवते.”

थोड्या वेळाने त्याने विचारलं, “फाइल आहे ना जवळ? ते कलम वाच एकदा. वकीलबाईंनी भरभर वाचलं.”

ताईने चष्मा लावला. सुजलेल्या बोटांना ते पान पटकन सुटं करता येईना. मग तिने कलम पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, न अडखळता वाचलं. आवाज साधा ठेवला. खाली तारीख होती, ती वाचली. कंपनीचा शिक्का होता, तेही सांगितलं.

भाऊ ऐकत होता. ती थांबल्यावरही तो तसाच, तिच्याकडे कान करून बसून राहिला.

“आणखी काही?” त्याने विचारलं.

ताईने पानाकडे पाहिलं. सहीच्या खाली चार बोटं कोरी जागा होती. बराच वेळ ती त्या जागेकडे बघत राहिली.

“नाही रे,” ती म्हणाली. “एवढंच आहे.”