शेवटच्या गोळ्यातली हवा

माझ्या नवऱ्याला गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमलं नाही. झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच लोखंडी मनोऱ्यावर चढून जंगलाची हवा गोळा करायची, हे त्याचं काम. वर ऐकायला माणूस नाही, तरी याची टकळी चालूच.

मी इकडे शहरात, प्रयोगशाळेत. तो हवा भरून आणायचा, मी ती यंत्रात सोडायचे. फुटबॉलएवढा स्टीलचा पोकळ गोळा, आतून पार रिकामा केलेला. वर जाऊन चावी फिरवली की बाहेरची हवा सुऽऽ करत आत शिरते. तेवढा वेळ श्वास रोखून तोंड बंद ठेवायचं, बस, एवढाच नियम. पण याच्या तोंडात कायम पेपरमिंट, आणि तोंड कायम उघडं! माझ्या आलेखावर झाडांच्या वाफांची टोकं यायची आणि शेवटी, हटकून, पेपरमिंटमधल्या मेंथॉलचं एक.

"जंगलात पेपरमिंट कुठून उगवलं रे?" मी फोनवर कडाडायचे.

"तुझी आठवण आली, म्हणून कळवलं," हा म्हणायचा. काय करणार अशा माणसाचं?

वर मलाच शिकवायचा. झाडं वाफ सोडतात, तोच जंगलाचा वास. उन्हात त्या वाफेचे डोळ्यांना न दिसणारे कण होतात, कणांवर पाणी बसतं, ढग तयार होतो आणि त्याच झाडांवर सावली धरतो. "बघ, माझी झाडं स्वतःचं आभाळ स्वतः करतात. तुला साधा चहा जमत नाही."

शेवटच्या फेरीला निघाला तेव्हा मी दारातच दम भरला, "या खेपेला तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे!" त्यानं ओठांवर बोट ठेवलं, मान डोलावली आणि गेला. हवा भरून खाली उतरला, गाडीत बसला आणि बसल्या जागी त्याचं हृदय थांबलं. गोळा मांडीवरच होता.

तो गोळा मी माझ्या टेबलामागच्या कपाटात ठेवला. कुणाला तो यंत्राला जोडू दिला नाही. आत त्याचा श्वास आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण यंत्रानं हवा ओढली की संपली, परत काही मिळत नाही. म्हणून रोज नुसतं कपाट उघडायचे, गोळ्यावर हात ठेवायचे आणि कामाला लागायचे.

पुढच्या उन्हाळ्यात वणव्यात ते जंगल गेलं, मनोराही गेला. त्यानंतर तिथे ढग धरेनासे झाले. प्रयोगशाळेचे साहेब माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "ते जंगल काय सोडत होतं, हे आता फक्त त्या गोळ्यात आहे. मी जबरदस्ती करणार नाही. पण त्याला काय वाटलं असतं, ते तुम्हीच सांगा."

काय वाटलं असतं! दिवसभर भाषण ठोकलं असतं.

मी गोळा जोडला. खरं सांगते, जंगलाचं मला त्या क्षणी काही पडलेलं नव्हतं. मला ते मेंथॉलचं टोक हवं होतं. एकदा, शेवटचं.

चावी फिरवली. एकेक टोक वर चढू लागलं, ओळखीचं, त्याच्या लाडक्या झाडांचं. पेपरमिंटची जागा मला पाठ होती. रेघ तिथे आली आणि सरळ पुढे गेली. जरासुद्धा हलली नाही.

साहेब मागून वाकून बघत होते. "अहो, इतकं स्वच्छ सॅम्पल त्यानं आजवर आणलं नव्हतं! केवढं काम करून गेला."

साहेबांचा हात माझ्या खांद्यावर होता. मला मात्र हुंदका आवरेना. उभ्या संसारात माझं एक अक्षर ऐकलं नाही या माणसानं. आणि ऐकलं ते नेमकं तेव्हा. वर एकटा उभा राहून, गाल फुगवून, श्वास रोखून.

गोळ्यातली हवा संपली. यंत्र आपोआप बंद झालं.

"बोल की रे," मी त्या रिकाम्या गोळ्याला म्हटलं. "बोल ना. नाही रागावणार."